सोड्यांच्या पुडीतलं अठ्ठाविसावं पान

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हा नेम सुगंधाच्या सासूनं पाळला, सासूच्या सासूनं पाळला, आणि त्याआधी कणकवलीच्या मातीत मिळून गेलेल्या किती जणींनी पाळला त्याची मोजदाद नाही. घ्यायचंच झालं तर उखाण्यात, तेही चौघींनी दार अडवल्यावर, पदराआडून हसत. हाच जुना नेम एकोणीसशे सत्याऐंशी साली अंधेरीच्या मरोळ भागात, एका पंपाच्या कारखान्यात, कॉम्प्युटरचं कुलूप म्हणून कामाला येईल, असं त्या सासवांना कुणी सांगितलं असतं, तर जातं थांबवून त्यांनी आधी सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला असता.

झालं होतं असं. गणपतीच्या आसपास कारखान्यात मोठं मशीन आलं. मशीनला वेगळी खोली, खोलीला एसी, आणि दारात चपला काढायच्या, देवळात काढतात तशा. आत ओळीनं सात टर्मिनल. टर्मिनल म्हणजे टीव्हीसारखा पडदा आणि त्याखाली टाइपरायटरसारख्या कळा. आठवं टर्मिनल विभागप्रमुख चंद्रप्रकाश वैद्य यांच्या काचेच्या केबिनमध्ये. खुर्चीत बसायचं, आपलं नाव टाइप करायचं, मग पासवर्ड टाइप करायचा, की मशीन आत घेतं. नावाला आठ इंग्रजी अक्षरं, पासवर्डलाही आठच. त्यात साहेबांचं अख्खं नाव मावेना, म्हणून मशीनपुरते ते नुसते ‘चंद्रप’ झाले. बाहेर मात्र वैद्यसाहेबच.

"पासवर्ड असा निवडा," साहेबांनी पहिल्या दिवशी सगळ्या ऑपरेटर बायांना उभं करून सांगितलं होतं, "की तो तुमच्या तोंडून कधीही, कुणासमोरही बाहेर पडणार नाही."

कधीही तोंडून बाहेर न पडणारा शब्द! बायांनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. जयानं आपला टाइप केला, नीलानं आपला, आणि तीन नंबरच्या टर्मिनलवर बसणाऱ्या सुगंधा परबनं इंग्रजी अक्षरांत लिहिलं, दशरथ. मोजून आठ अक्षरं. जसं काही मशीन घडवणाऱ्यानं घाटकोपरला परबांच्या खोलीवर येऊनच माप नेलं होतं.

साहेबांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. जानेवारीत बायांनी जेवणाच्या खोलीत हळदीकुंकू केलं, आणि सगळ्या कुलपांच्या किल्ल्या तिळगुळाबरोबर वाटल्या गेल्या. जयानं नाव घेतलं, नीलानं लाजत घेतलं, आणि सुगंधानं तर घशात सूर धरून घेतलं:

मशीनच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांची वेल,
दशरथरावांचं नाव घेते, आता दार उघडेल.

टाळ्या पडल्या. मुलुंडहून मुद्दाम बोलावलेल्या साहेबांच्या पत्नी, सुहासिनीवहिनी, हसताहसता डोळे पुसायला लागल्या. मग त्यांनी मशीन पाहायचा हट्ट धरला, आणि सुगंधानं त्यांना सात नंबरवर बसवून हौसेनं सगळं दाखवलं. नाव कसं टाकायचं, पासवर्ड कसा, आणि एकाच वेळी सगळ्या पडद्यांवर निरोप कसा सोडायचा, तेसुद्धा. सुगंधाच्या पोटात काही राहत नसे. सासू म्हणायची, हिला गुपित सांगण्यापेक्षा दवंडी पिटणाऱ्याला चार आणे दिलेले स्वस्त.

आता या खोलीतला शेवटचा मानकरी सांगतो. कोपऱ्यात एक छापयंत्र होतं. कुणी मशीनमध्ये शिरलं की ते खट् खट् करून एक ओळ छापायचं. शिरू पाहिलं आणि जमलं नाही तरी एक ओळ. उठून गेलं तरी एक. कागद सलग, घडीघडीचा, दोन्ही कडांना भोकं असलेला, आणि तो मागच्या खोक्यात पडत राहायचा. त्याला साहेब लॉग म्हणत. तो वाचत कुणीच नसे. पण कागद मात्र लाखमोलाचा. नीलाचा गजरा त्यात, जयाच्या डब्याखाली तो, भाऊ शिपायाच्या घरच्या फळ्यांवर तोच.

आणि मग फेब्रुवारीतला तो गुरुवार आला.

साहेबांचा गुरुवारचा उपास. वहिनींची बहीण जवळच जे.बी. नगरला राहायची, म्हणून गुरुवारी बहिणीकडे जाताजाता वहिनी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा देऊन जात. त्या दिवशी केबिनमध्ये पुण्याहून दोन बडे पाहुणे आलेले. साहेब त्यांना आठ नंबरच्या पडद्यावर नवी व्यवस्था दाखवत होते. "आमच्याकडे प्रत्येक माणसाची नोंद आहे. परवानगीशिवाय इथं पान हलत नाही," असं ते म्हणाले, आणि पान हललं. एक वाजून चौदा मिनिटांनी साहेबांच्या पडद्यावरच्या पंपांच्या याद्या सरकल्या आणि इंग्रजी अक्षरांत, पण शुद्ध मराठीत दोन ओळी उमटल्या:

एसीच्या खोलीत मशीन झोपलंय गार,
चंद्रप्रकाशरावांच्या मनाला कुलपं चार.

पाहुण्यांपैकी एकानं ते बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. दुसऱ्यानं चष्मा पुसून विचारलं, "हे स्टॉकमध्ये धरायचं की डिस्पॅचमध्ये?"

अडीच वाजता सुगंधाला बोलावणं आलं.

साहेबांच्या टेबलावर लॉगचं एक पान होतं आणि त्यातल्या सगळ्यात वरच्या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ. "वाचा, मिसेस परब."

सुगंधानं वाचलं. एक वाजून दहा मिनिटं, टर्मिनल सात, सुगंधा, स्वीकारलं.

"साहेब, मी नाही."

"मशीन खोटं बोलत नाही. आणि कविता करायची खोड या विभागात आणखी कुणाला आहे?"

"खोड आहे, साहेब. पण हे माझं नाही. मी तुमचं नाव उखाण्यात कशी घेईन? घरी कळलं तर..."

"एक ते दीड कुठे होता तुम्ही?"

इथं मात्र सुगंधाला खरं सांगायची सोय नव्हती. कारण एक ते दीड ती मरोळ नाक्यावर होती. मढहून येणाऱ्या द्रौपदी कोळणीकडे सोडे आले होते, सुकवलेली कोळंबी, गुलाबी, बोटाच्या पेराएवढी. आणि सुगंधा गेटपास न घेता, मागच्या फाटकातून, सोड्यांच्या ओढीनं निघून गेली होती. गेटपासशिवाय बाहेर म्हणजे मेमो. या क्षणीसुद्धा ते सोडे तीन नंबरच्या टेबलाखाली तिच्या पिशवीत होते, आणि एसीच्या कृपेनं त्यांचा वास अजून झोपेत होता.

"बोला."

"इथंच होते... इकडे तिकडे."

साहेबांनी ड्रॉवर ओढून एक लिफाफा दाखवला आणि परत आत टाकला. "तुमचं प्रोबेशन सोमवारी संपतंय. हे तुमचं कायम करायचं पत्र. शनिवारी बारा वाजेपर्यंत लेखी खुलासा आणा. नाहीतर या लिफाफ्यात दुसरं पत्र घालावं लागेल."

सुगंधा बाहेर येऊन तीन नंबरवर बसली. दशरथची गिरणी संपात बंद पडली त्याला सहा वर्षं झाली होती. आता तो एका लाकडाच्या वखारीत मिळेल ते काम करायचा. घराचं छप्पर या लिफाफ्यावर टेकलेलं होतं.

शुक्रवारी सकाळी जयानं तिला दारातच, चपला काढताना गाठलं.

"काय गं, दशरथरावांना सोडचिठ्ठी? डायरेक्ट साहेबांचंच नाव घेतलंस?"

"जये, तोंड सांभाळ हां."

"मी कशाला सांभाळू? पण जमलंय झकास. कुलपं चार! मला तर पाठच झालंय."

"अगं, माझी वाट लागलीय आणि तुला पाठांतर सुचतंय?"

जया हसायची थांबली. मग हळूच म्हणाली, "अनंताला विचार ना. त्याला त्या कागदाची भाषा कळते."

अनंत म्हणजे मशीनची देखभाल करणारा ऑपरेटर, बोरिवलीचा. दिवसभर त्या छापयंत्राशेजारी बसायचा. त्यानं खोक्यातली घडी उचलून टेबलावर पसरली, एखादा गोसावी पंचांग पसरतो तशी.

"हे बघ गं. आधी वेळ. मग कुठल्या खुर्चीवरून. मग नाव. आणि शेवटी काय झालं ते. स्वीकारलं म्हणजे पासवर्ड बरोबर, आत आला. नाकारलं म्हणजे चुकला, दारातूनच परत."

"कुठला पासवर्ड टाकला ते छापतं?"

"छी! ते छापलं तर कुलूप कशाला? चुकला एवढंच सांगतं. काय चुकला ते पोटात ठेवतं. तुझ्यासारखं नाही."

"टोमणे नंतर मार. साहेब म्हणतात मशीन खोटं बोलत नाही."

"नाहीच बोलत. पण मशीनला बोटं दिसत नाहीत ना. त्याला दिसतं नाव. सुगंधा या नावानं कुणीतरी बरोबर किल्ली लावली, एवढंच ते म्हणतंय. ती किल्ली तुझ्याच कनवटीची होती, असं कुठं म्हणतंय? साहेबांनी नाव वाचलं आणि त्यांना वाटलं माणूस वाचला."

सुगंधा कागदावर वाकली. पहिल्यांदाच तिला त्या ओळी किड्यामुंग्यांसारख्या न दिसता माणसांसारख्या दिसू लागल्या. ही जया, नऊ पाचला आली. ही नीला, एकदा नाकारली, मग स्वीकारली. सकाळी सकाळी हिची बोटं झोपेतच असतात. आणि ही मी. मी आले, मी गेले. मी आले, मी गेले.

"अनंता," तिचं बोट थांबलं, "माझी प्रत्येक ओळ जोडीनं आहे. आल्याची आणि गेल्याची."

"तू एकटीच तशी. बाकीच्या बाया पडदा उघडा टाकून चहाला पळतात."

"दिवा लावला तर मालवून उठावं, असं सासूबाईंनी लावलेलं वळण आहे रे. मग या सात नंबरच्या सुगंधाची गेल्याची ओळ कुठंय?"

अनंतनं शोधलं, साहेबांना दिलेल्या एकोणतिसाव्या पानाची त्यानं हातानं केलेली नक्कलसुद्धा धरून. नव्हती. एक दहाला आलेली सात नंबरची सुगंधा कधी गेलीच नव्हती. आणि एक एकतीसला तीन नंबरवर दुसरी सुगंधा येऊन बसली होती.

"आयला," अनंत म्हणाला, "एकच बाई दोन खुर्च्यांवर. ही कुणीतरी पाहुणी. दार लोटून घ्यायची रीत नसलेली." मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "पण थांब. साहेबांकडचं पान एकोणतीस आहे, त्याची पहिलीच ओळ तुझी. तिच्या आधी काय झालं ते अठ्ठाविसाव्या पानावर असणार. आणि अठ्ठावीस इथं नाहीच. सत्तावीसनंतर तीस. कुणीतरी भोकांवर फाडलंय. साहेब म्हणतील, तूच फाडलंस."

सुगंधानं फाटलेली भोकांची कड पाहिली. डोळ्यांसमोर गुरुवारची दुपार आली. सोडे घेऊन घाईघाईनं परत येणं, द्रौपदीच्या वर्तमानपत्राला सुटलेला ओलावा, छापयंत्राच्या मागे लोंबणारं ताजं कोरडं पान...

"मीच फाडलंय रे," ती म्हणाली.

"काय?"

"सोडे बांधायला."

अनंतनं दोन्ही हात डोक्याला लावले. त्याला हसायचं होतं की रडायचं, ते त्याचं त्यालाच ठरवता येईना.

त्या संध्याकाळी घाटकोपरच्या भटवाडीतला चढ सुगंधा एका दमात चढली. खोलीचं दार उघडं होतं. चुलीजवळ दशरथ बसला होता, आणि घरभर कांद्यात परतलेल्या सोड्यांचा घमघमाट.

"सोडे कुठं बांधले होते?" चप्पलही न काढता तिनं विचारलं.

"काय गो, इलंस ती सोड्यांवरच? अर्धे शिजवलंय, अर्धे डब्यात आसत."

"सोडे नको. कागद! कागद कुठंय?"

"कागद खातंस?"

"अहो, सांगा ना!"

दशरथनं तिचा चेहरा पाहिला आणि थट्टा आवरली. तो उठला. कागद त्यानं नीट पुसून, घडी घालून, रॉकेलच्या डब्याखाली ठेवला होता, जमिनीला डाग पडू नये म्हणून. चांगला जाड कागद, टाकवेना, म्हणाला.

खिडकीतून पिवळं ऊन येत होतं. सुगंधानं पान पसरलं. कोळंबीचा वास, रॉकेलचा वास, कडेला तेलाचे चंद्र. पण अक्षरं शाबूत. तिनं बोट खाली खाली नेलं. एक वाजता सगळ्यांच्या ओळी थांबल्या होत्या, जेवायची सुट्टी. आणि मग अगदी तळाशी, तीन एकट्या ओळी.

एक सहा. टर्मिनल सात. चंद्रप. नाकारलं.
एक सात. टर्मिनल सात. चंद्रप. नाकारलं.
एक नऊ. टर्मिनल सात. चंद्रप. नाकारलं.

सुगंधा मागे टेकली. साहेब त्या वेळी केबिनमध्ये पाहुण्यांबरोबर, आठ नंबरवर. मग सात नंबरवर बसून साहेबांच्या दाराला तीन तीन किल्ल्या कुणी लावून पाहिल्या? आणि एकही लागली नाही, तेव्हा मिनिटाभरात, पहिल्याच झटक्यात, दशरथची किल्ली लावून सुगंधाच्या दारातून कोण आत शिरलं?

आणि तिला हळदीकुंकू आठवलं. सात नंबर. शेजारी वाकून बसलेल्या वहिनी, केसांत अबोली. सुगंधानं त्यांच्या कानाशी लागून सांगितलं होतं, आमचं सगळ्यांचं तसंच आहे वहिनी, जे तोंडानं घेत नाही ते बोटांनी घेतो. आणि वहिनी हळूच म्हणाल्या होत्या, मग गं, पुरुष काय घालत असतील? आणि सुगंधानं, दवंडी पिटणाऱ्या सुगंधानं, छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "बायकोचंच नाव! दुसरं काय घालतील?"

सुहासिनी. तिनं बोटांवर मोजलं. इंग्रजीत तेही आठ अक्षरं, बरोबर मापात बसणारं. बिचाऱ्या वहिनींना केवढी खात्री वाटली असेल! आणि मशीननं तीनदा सांगितलं, नाही.

"काय झाला गो?" दशरथनं विचारलं. "रडतंस की हसतंस?"

"दोन्ही," सुगंधा म्हणाली. "तुमच्या नावानं कुणीतरी दार उघडून गेलं."

"माझ्या नावान? माझ्या नावान तर वखारीचा पण दार उघडणा नाय!"

ती हसली, पण झोप तिला लवकर लागली नाही. पान दाखवायचं तर तीन गोष्टी कबूल करायच्या: फाटकातून गेले, लॉग फाडला, सोडे बांधले. आणि चौथी गोष्ट बोलायची तर साहेबांच्या घरात विस्तव ठेवायचा. आणि गप्प बसायचं तर लिफाफ्यातलं पत्र बदलणार.

शनिवारी साडेअकरा वाजता ती केबिनमध्ये शिरली. हातात खुलासा नव्हता, प्लॅस्टिकची पिशवी होती.

"लेखी आणलंय, साहेब. पण लिहिलंय तुमच्या मशीननं."

तिनं पान टेबलावर उलगडलं. दोन दिवस दाबून धरलेला समुद्र एसीच्या झोतात सुटला. साहेब जन्माचे शाकाहारी. त्यांची खुर्ची आपसूक एक हात मागे सरकली.

"हे... हे काय आहे?"

"सोडे, साहेब. म्हणजे सोडे घरी आहेत, हा त्यांचा कागद. एक ते दीड मी मरोळ नाक्यावर सोडे घेत होते. पास घेतला नव्हता. पान मीच फाडलं. यात जी शिक्षा असेल ती द्या, ती माझी आहे. पण उखाणा माझा नाही. शेवटच्या तीन ओळी वाचा."

साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि वाचलं. मग रुमाल न काढता परत वाचलं.

"माझं नाव?"

"तीनदा. तुम्ही तर इथं होता. कुणीतरी आधी तुमच्याकडे आलं, साहेब. तुम्ही आत घेतलं नाही, म्हणून माझ्या दारातून आलं."

"चोर! म्हणजे पासवर्ड फोडायचा प्रयत्न!" साहेब ताठ झाले. "कोण?"

सुगंधानं नाव घेतलं नाही. नाव न घेता सांगायची विद्या तिच्या घरात चार पिढ्यांची होती.

"चोर असता तर आत येऊन काहीतरी नेलं असतं ना? याला फक्त एक शब्द लागतो का, तेवढंच पाहायचं होतं." तिनं पान त्यांच्याकडे सरकवलं. "आम्ही सगळ्या बायांनी पासवर्डला काय ठेवलंय, माहीत आहे साहेब? जे तोंडानं घ्यायचं नाही ते. आता एखादीला वाटलं, की पुरुषही तसंच ठेवत असतील, तर तुमच्या दाराला ती कुठला शब्द लावून पाहील?"

साहेबांनी रुमालाआडून पुन्हा त्या तीन ओळी पाहिल्या.

"आणि दुसरं, छोटंसंच. गुरुवारी तुमची खिचडी किती वाजता आली?"

"दीड वाजता. गार झालेली. सुहासिनी नेहमी पाऊण वाजताच येते, पण त्या दिवशी भाऊकडे ठेवून न भेटताच..." साहेबांचा रुमाल खाली आला. वास आता त्यांना जाणवत नव्हता. त्यांनी बेल दाबली. भाऊ शिपाई आला आणि दारातच नाक आक्रसून उभा राहिला.

"भाऊ, गुरुवारी बाईसाहेब कुठे बसल्या होत्या?"

"आत, एसीत बसवलं ना साहेब. तुम्हीच मान वर न करता काचेतून हात केलात, थांबा म्हणून. अर्धा तास थांबल्या. मी चहाला गेलो होतो."

साहेबांनी फोन उचलला. सुगंधा बाहेर जायला वळली, पण त्यांनी हातानंच बस म्हटलं, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"हॅलो... हो, मीच. अगं, गुरुवारी तू सात नंबरवर... हसतेस काय? इथं एका बाईची नोकरी जायची वेळ आली!... हो, मिसेस परब... नाही, तिनं नाव नाही घेतलं तुझं. कागदानं सांगितलं... रडू नकोस. अगं, रडू नकोस, ऑफिसचा फोन आहे... पहिल्यांदा तुझं नाव टाकलंस. बरं. दुसऱ्यांदा?... माहेरचं? ते कशाला असेल?... आणि तिसऱ्यांदा?"

साहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. दोन्ही कान लाल झाले. पुण्याच्या पाहुण्यांसमोर झाले होते त्याहून लाल.

"त्या नावानं हाक मारायचो, ते तुला अजून आठवतं?" ते अगदी हळू म्हणाले. आणि मग, आणखी हळू, "नाही गं. कुणाचंच नाव नाहीये. मशीनचा नंबर आहे... हो, मागे पत्र्यावर लिहिलेला... विसरू नये म्हणून... हो. हो, कळतंय मला, कसं दिसतं ते."

सुगंधानं छताकडे पाहिलं. मशीनच्या पाठीवरचा पत्रा! रोज सफाईवाला त्यावरून फडकं फिरवायचा. अख्ख्या कारखान्याला गुपिताचे धडे देणाऱ्या माणसानं किल्ली दारालाच अडकवून ठेवली होती. तिला हसू आवरेना, म्हणून तिनं गाल आतून चावून धरला.

फोन ठेवून साहेबांनी घसा साफ केला. ड्रॉवर उघडून लिफाफा काढला आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

"सोमवारपासून सगळ्यांनी पासवर्ड बदलायचे. उखाण्यात येईल असा एकही शब्द नको. आणि रोज सकाळी आदल्या दिवशीचा लॉग तुम्ही वाचायचा. ठीक वाटलं तिथं बरोबरची खूण, संशय आला तर लाल पेन्सिल."

"मी, साहेब?"

"तुम्ही वाचता. मी फक्त बघत होतो." मग त्यांना एकदम आठवण झाली. "आणि ते गेटपासशिवाय बाहेर गेलात त्याचं काय?"

"त्याची नोंद कुठल्याच कागदावर नाही, साहेब," सुगंधा नम्रपणे म्हणाली. "आणि हा कागद इथं ठेवू की घेऊन जाऊ?"

साहेबांनी पानाकडे आणि त्यावरच्या तेलाच्या चंद्रांकडे पाहिलं. "घेऊन जा," ते म्हणाले. "लवकर."

त्यानंतर दोन आठवडे बायांनी नवे शब्द शोधण्यात घालवले. जयानं नणंदेचं नाव ठेवलं. ते तर मी शिवी म्हणूनसुद्धा घेत नाही, म्हणाली. सुगंधानं काय ठेवलं ते तिनं दशरथलाही सांगितलं नाही, आणि पोटात राहिलेलं ते तिच्या आयुष्यातलं पहिलंच गुपित.

मग एका शुक्रवारी सकाळी ती लॉग वाचत बसली. शेजारी अनंत चहाचा ग्लास घेऊन. तिच्या कानामागे लाल पेन्सिल, हातात पेन. बोट गुरुवारच्या दुपारी पोचलं आणि थांबलं.

एक वाजून सहा मिनिटं. टर्मिनल सात. चंद्रप. स्वीकारलं.

पहिल्याच झटक्यात. खाली, एक नऊला, गेल्याचीही ओळ होती. पाहुणी या वेळी दार लोटून गेली होती.

"हे काय गं?" अनंत वाकला. "एक सहाला साहेब खाली पंपांच्या टेस्टिंगला होते. मी स्वतः बरोबर होतो. मग हे कोण? लाल मार ना!"

सुगंधाला काल खिचडीच्या वेळी दारात पाहिलेल्या चपला आठवल्या, जांभळ्या मखमलीच्या पट्ट्यांच्या, देवळाबाहेर काढाव्यात तशा जोडून नीट ठेवलेल्या.

तिनं त्या ओळीपुढे एक छोटी बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.